‘गारवा’ की ‘गारठा’? मराठी शब्दकोडं पहिल्यांदा हातात घेणाऱ्यांसाठी

तीन चौकोन, आडवा शब्द, क्लू ‘हवेतला सुखद थंडपणा’. ठाण्याहून सुटणाऱ्या वाशी गाडीत हा शब्द मी पेनने भरला आणि तुर्भे येईपर्यंत कोड्याचा अख्खा कोपरा नासवून ठेवला. कसा, ते पुढे येईलच.

आमच्या शेजारी यंदा नवी सून आली. घरात मराठी, शाळा इंग्रजी, त्यामुळे बोलणं फर्डं आणि वाचन बेताचं. एका रविवारी पुरवणीतलं कोडं घेऊन दारात उभी. “काकू, किंचित थंडला मराठीत काय म्हणतात? चार घरं आहेत. मला तर वाटतं शब्दच नाहीये.” शब्द नाही? म्हटलं, आत ये, चहा टाकते. त्या तासाभरात तिला जे सांगितलं तेच इथे नीट मांडते आहे. तिच्यासारखे बरेच जण असतील. कोडं सोडवायची हौस असते, पण पहिल्या ओळीलाच पेन अडतं.

आधी पेन ठेवा, पेन्सिल घ्या

ही पायरी लोक हसण्यावारी नेतात. नेऊ नका. खोडरबरही जवळ ठेवा.

घरं डोळ्याने मोजा, कानाने नाही

इंग्रजी कोड्यात एका घरात एक लेटर जातं. आपल्याकडे एका घरात एक अख्खं अक्षर बसतं, त्याच्या काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार अशा सगळ्या लवाजम्यासकट. जोडाक्षरालाही एकच घर. ‘थंड’ दोन घरांचा, ‘शैत्य’ही दोन घरांचा. पाहुणी ‘थंडसर’ हा शब्द थ-न-ड-स-र असा पाच घरांत बसवत होती. तो न वेगळा नाही, थ च्या डोक्यावर टिंब होऊन बसलाय. घरं चारच.

कानावर विसंबलं की दुसरीकडूनही फसायला होतं. आपण बोलताना ‘गार्वा’ म्हणतो, ‘गार्ठा’ म्हणतो. ऐकलं तर दोनच ठोके. लिहिलं की तीन अक्षरं. म्हणून शब्द सुचला की तो समासात लिहून बघायचा आणि मग मोजायचा. आठवडाभर असं केलं की पुढे आपोआप डोळ्यांपुढे घरं दिसायला लागतात.

जुन्या दिवाळी अंकांतली कोडी कुणी दिली तर एक लक्षात ठेवा. तिथे ‘हिंव’, ‘हिंवाळा’ असं टिंब देऊन लिहिलेलं सापडेल. न उच्चारली जाणारी ही टिंबं १९६२च्या लेखननियमांनी काढून टाकली. घरांच्या संख्येत त्याने फरक पडत नाही, पण उभा शब्द जुळत नाही म्हणून उगाच डोकं खाजवत बसाल.

क्लूची जात ओळखा

नव्या माणसाचे निम्मे घोटाळे इथे होतात. क्लू विशेषणाचा असेल तर उत्तर विशेषण, नामाचा असेल तर नाम, क्रियापदाचा असेल तर क्रियापद. ‘किंचित थंड’ हे विशेषण आहे. त्याचं उत्तर ‘गारवा’ होत नाही, कारण गारवा हे नाम आहे. “पाणी गारवा आहे” असं कुणी म्हणत नाही. ‘किंचित थंडी’ किंवा ‘थंडपणा’ असं विचारलं असेल तर मात्र गारवा. ‘थंड होणे’ विचारलं तर ‘निवणे’, ‘गारठणे’ अशी क्रियापदं शोधायची. कोडं रचणारेही कधी कधी इथे ढिलाई करतात आणि विशेषणाच्या क्लूला नाम ठेवतात. त्याला इलाज नाही, पण पहिला प्रयत्न जातीला धरूनच करावा.

आता ‘किंचित’, ‘थोडासा’, ‘जरासा’ यांपैकी काही क्लूमध्ये दिसलं की कान टवकारायचे. मराठीत हे काम बहुतेक वेळा ‘सर’ करतो. ओलं आणि ओलसर, लाल आणि लालसर, गोड आणि गोडसर. तसंच थंड आणि थंडसर, गार आणि गारसर. शेजारच्या पोरीला मी एवढंच सांगितलं, “तुमच्या इंग्रजीत ‘कूल’चं ‘कूलिश’ होतं ना, तो इश म्हणजे आपला सर.” पुढचं तिचं तिने भरलं. सगळेच शब्द सर घेत नाहीत. कडूला कडवट, मळक्याला मळकट, तांबड्याला तांबूस. आणि थंडसरच्या पलीकडे, ऊन बाजूला, कोमट बसलेला असतो. त्याला प्रत्यय लावायची गरजच नाही.

इंग्रजीवरून आठवलं. आज ज्याला क्रॉसवर्ड म्हणतात त्याचा पहिला नमुना ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्रात २१ डिसेंबर १९१३ रोजी छापून आला. रचणारा आर्थर विन, मूळचा लिव्हरपूलचा. ते कोडं चौकोनी नव्हतं, शंकरपाळ्यासारखं होतं.

गारवा आणि गारठा यांत अंशांचा फरक नाही

आता खरी गोम. थंडीचे तीन घरांचे शब्द एकाच वेळी डोक्यात गर्दी करतात: गारवा, गारठा, थंडावा, शीतल. पहिल्या दोघांची सुरुवात एक, पहिल्याचा आणि तिसऱ्याचा शेवट एक. शीतल तेवढा वेगळा, शिवाय विशेषण.

बहुतेकांना वाटतं गारवा म्हणजे कमी थंडी आणि गारठा म्हणजे जास्त. अगदीच चूक नाही, पण त्याने कोडं सुटत नाही. माझ्या मते फरक आवडीचा आहे. गारवा हवासा असतो, गारठा नकोसा. गारव्यात माणूस खिडकी उघडतो, गारठ्यात लावून घेतो. वळवाचा पाऊस पडून गेल्यावर मे महिन्यात जे येतं तो गारवा, मग पारा २६ वर का असेना. आणि एसी लोकलच्या डब्यात थेट झोताखाली उभं राहिलं की दोन स्टेशनांत जे होतं तो गारठा, बाहेर ऊन रणरणत का असेना. म्हणून क्लूमध्ये ‘सुखद’, ‘हवाहवासा’, ‘आल्हाददायक’ असं काही आहे का ते बघा. असेल तर ‘गारठा’ रद्द.

थंडावा जरा वेगळा. तो बाहेरून येतो त्यापेक्षा आत उतरतो. ताक प्यायल्यावर पोटाला थंडावा, चंदनाने कपाळाला थंडावा. हवेतला म्हटलं तर गारवा आधी लिहायचा, शरीराला मिळणारा म्हटलं तर थंडावा.

याच गोतावळ्यात संस्कृताकडून आलेली मंडळी आहेत आणि कोडेवाल्यांचा त्यांच्यावर फार जीव. शीत, शीतल, शैत्य. चंद्राला हिमांशू म्हणतात तो याच घराण्यातला. ऋतूंपैकी मार्गशीर्ष-पौषाचा हेमंत आणि माघ-फाल्गुनाचा शिशिर पाठच करून ठेवा, दर महिन्याला एकदा तरी गाठ पडते.

क्रियापद उत्तर सांगतं

‘अंगात ____ भरली’ अशी गाळलेली जागा आली की नवा माणूस ‘थंडी’ लिहून पाहतो. थंडी भरतेही म्हणा, ताप येण्याआधी अंगात थंडी भरून येते. पण घरं चार असतील तर ती हुडहुडी. मराठीत थंडीच्या प्रत्येक शब्दाचं स्वतःचं क्रियापद ठरलेलं आहे, त्याची दुसऱ्याशी अदलाबदल चालत नाही.

थंडी वाजते आणि पडते. गारठा पडतो. गारवा वाजत नाही, तो येतो, असतो, जाणवतो. हुडहुडी भरते, शिरशिरी येते. हिव वाजतं किंवा भरतं. वारा झोंबतो नाहीतर बोचतो. माणूस कुडकुडतो, काकडतो. काकडणे आणि पहाटेची काकड आरती यांच्यात गल्लत करू नका. आरतीचा काकडा म्हणजे पेटवलेली जाड वात. कोडी रचणाऱ्यांना मात्र ही गल्लत झालेली हवीच असते.

त्यातच लिंगही दडलेलं असतं. गारवा पुल्लिंगी, थंडी स्त्रीलिंगी, हिव नपुंसकलिंगी. ‘भरली’ लिहिलंय की ‘भरलं’, एवढ्यावरून हुडहुडी आणि हिव वेगळे पडतात. क्लूचं शेवटचं अक्षर नीट वाचायची सवय यासाठी लावायची.

ठाण्या-मुंबईत हल्ली “थंडी लागतेय” सर्रास ऐकू येतं. हिंदीच्या शेजाराचा परिणाम. बोलताना कुणी अडवत नाही, पण कोड्यात थंडी वाजतेच.

आता माझा घोटाळा

बरीच वर्षं मी ठाणे-वाशी अशी ये-जा केली. नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवर गाडी लागली की खिडकी, पिशवीतून पेपर, पेपरातून कोडं. वाशी येईपर्यंत पाऊण कोडं झालंच पाहिजे असा स्वतःशीच हट्ट. त्या दिवशी कोपऱ्यात असं होतं. पहिल्या ओळीत तीन घरं आडवी, क्लू ‘हवेतला सुखद थंडपणा’. पहिल्या घरातून खाली उतरणारा शब्द ‘हलव्याची लाल भाजी’, म्हणजे गाजर. गा मिळाला. तिसऱ्या घरातून खाली दोन घरांचा शब्द, क्लू ‘ट्रान्स-हार्बर मार्गाचं एक टोक’. ट्रान्स-हार्बर म्हणजे मी रोज जायचे तोच लोकलचा मार्ग.

मी ठाणेकर. टोक म्हटल्यावर मला दुसरं काय सुचणार? ‘ठाणे’ लिहिलं. वर गा, शेवटी ठा, मध्ये र तर हवाच. गारठा! काय सुरेख जमलं म्हणून मीच माझ्यावर खूश. पेनने गिरवून ठळकही केलं.

दुसऱ्या ओळीत ठाणेच्या णे पासून आडवा एक तीन घरांचा शब्द सुरू होत होता, क्लू ‘चंदनासारखा गार’. मधल्या घरात उभ्या शब्दाने त दिला, शेवटी ल आला. णे-त-ल. घणसोली गेलं, कोपरखैरणे गेलं, मी आपली णेतल, णेतल घोळतेय. शेजारी बसलेल्या बाई शेवटी म्हणाल्या, “अहो, शीतल असेल ना ते.” शीतल असेल तर उभ्या शब्दाचं दुसरं अक्षर शी. मग पहिलं? गाडी तुर्भ्याला थांबली होती आणि जिथे मी रोज उतरत होते ते स्टेशन मला आठवत नव्हतं. वाशी! वा-शी. गारठाचा ठा गेला, वा आला, आणि ‘सुखद’ हा शब्द मी वाचलाच नव्हता हेही त्याच वेळी कळलं.

बरोबर भरलेला कोपरा असा दिसतो, काळी घरं ■ ने दाखवली आहेत:

गा | र | वा | ■ | ■
ज | ■ | शी | त | ल
र

यातून भरायची पद्धत समजून घ्या. आधी ज्यांना दुसरं उत्तरच असू शकत नाही असे शब्द भरायचे. गाजर तसा होता. ‘मार्गाचं एक टोक’ तसा नव्हता. टोकं दोन असतात, आणि इथे दोन्ही नावं दोन-दोन घरांची. अशा ठिकाणी दोन्ही शक्यता समासात लिहून पुढे जायचं. छेदणारं अक्षर नक्की असेल तेवढंच गडद करायचं, बाकीचं पुसट. आणि एखाद्या ठिकाणी णेतलसारखं काही तयार झालं, तर नवा शब्द शोधत बसण्याऐवजी शेजारचं जे आपण छाती ठोकून लिहिलंय ते आधी तपासायचं.

शब्द बोलून पाहा

कोड्यात सापडलेला शब्द तोंडात रुळला नाही तर पुढच्या वेळी आठवत नाही. ‘गारवा’ हा शब्द रुळवायला ठाण्यात दिवस ठरलेले आहेत. डिसेंबर-जानेवारीत जमिनीवरून येणारे उत्तरेकडचे कोरडे वारे सुरू झाले की उपवन तलावाच्या काठावर किंवा येऊरच्या चढावर सकाळी सहाला जा. झाडीत आणि मोकळ्या जागेत रात्रीची हवा लवकर निवते, तेच नौपाड्यातल्या सिमेंटच्या गल्लीत भिंती दिवसाची ऊब धरून बसतात. तिथे “आज हवेत छान गारवा आहे” म्हणा. “आज गार वाटतंय” म्हणा. “आज मला गारवा वाजतोय” म्हणू नका.

ठाणेकर स्वेटर कपाटातून फार लवकर बाहेर काढतात असं बाहेरगावचे नातेवाईक चिडवतात. मात्र हवामान खातंसुद्धा किनाऱ्याला वेगळं माप लावतं. मैदानी भागात थंडीची लाट म्हणायला किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली लागतं, किनाऱ्यावरच्या ठिकाणी १५ अंश चालतात. दोन्हीकडे ते नेहमीपेक्षा निदान साडेचार अंशांनी उतरलेलं असावं लागतं. समुद्र जवळ असला की रात्र फार थंड होत नाही, म्हणून ही सवलत. तरी मुंबईत सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी पारा ७.४ अंशांवर गेला होता. त्या दिवसाला गारवा म्हणायची कुणाची छाती झाली नसेल.

उन्हाळ्यात हा शब्द माठाशी जोडला जातो. माठाच्या छिद्रांतून पाणी झिरपतं, वाळतं आणि वाळताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. हवा कोरडी असेल तितकं हे जोरात चालतं. म्हणूनच विदर्भातल्या माठाचं पाणी दाताला लागतं आणि आपल्याकडच्या दमट मे महिन्यात तोच माठ थंडसरच्या पुढे जात नाही. थंड आणि थंडसर या दोन शब्दांतला फरक समजवायला मला याहून सोपं उदाहरण सापडलेलं नाही.

गार आणि थंड हेसुद्धा सगळीकडे एकमेकांच्या जागी बसत नाहीत. चहा गार होतो. डोकं मात्र थंड ठेवायचं, गार नाही. प्रस्ताव थंड्या बस्त्यात पडतो. भलतंच ऐकून माणूस गार पडतो, आणि एखाद्याला गार करणे याचा अर्थ लहान मुलांसमोर सांगण्यासारखा नाही. शाळेबाहेर “गारेगाऽऽर” अशी आरोळी यायची तेव्हा मात्र अर्थ विचारावा लागत नसे.

कोश कुठे बघावा

अडल्यावर फोन उघडाल, उघडा. पण एकदा तरी दाते-कर्व्यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चा खंड हातात घेऊन ‘गार’ शोधा. ठाण्यातलं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून आहे, कोशांसाठी तिकडे चक्कर मारायला हरकत नाही. छापील कोशाचा फायदा असा की गार शोधताना वरखाली गारगोटी, गारठा, गारवा, गारा असं सगळं खानदान एका नजरेत दिसतं. ‘गार’ म्हणजे चकमकीचा पांढरा दगडही असतो, हे मला तिथेच कळलं. एका कोड्यात दोन घरं केवळ या अर्थामुळे सुटली.

सरावाला सहा क्लू देते. कंसातला आकडा घरांचा.

माघ-फाल्गुनातला ऋतू (३). आभाळातून पडते, चहाही होतो (२). थंडीने अंगात भरते (४). डासांमुळे होणारा, कापरं भरवणारा ताप (४). किंचित ओलं (४). ठाण्यातली थंडी (३).

पहिली पाच उत्तरं: शिशिर, गार, हुडहुडी, हिवताप, ओलसर. सहावं शेजारच्या सुनेने ‘गारठा’ असं लिहिलं. तिचे सासरे निफाडचे, म्हणजे नाशिककडच्या कडाक्याच्या थंडीत वाढलेले. त्यांनी चष्मा वर करून कोडं पाहिलं, खोडरबर घेतलं आणि शेवटचं अक्षर पुसून तिथे वा लिहिला.